ब्लोअरची मोटर बदलण्यापूर्वी



या पानावर आम्ही एरवी बेण्याची निवड, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याचे खत अशा विषयांवर लिहितो. या खेपेस विषय आहे ट्रकच्या केबिनमधल्या ब्लोअरचा. शेतकी खात्याच्या माणसाने मोटारगाडीत हात कशाला घालावा, असे कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस फडात वा रस्त्यात उभा राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. तोडणीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा म्हणून टोळीपासून वजनकाट्यापर्यंत सगळेच धडपडत असतात. ती धडपड एका वीतभर मोटरीपायी वाया गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली, म्हणून हा लेख.

दुसरेही कारण आहे. साडेतीन टनांपेक्षा अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची करणारी अधिसूचना केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. २०२५ मधल्या ठरलेल्या तारखेपासून तयार होणाऱ्या गाड्यांना ती लागू आहे. त्यापूर्वीच्या गाड्यांवर सक्ती नाही. म्हणजे यापुढे जो सभासद नवा ट्रक घेईल त्याच्या दारात एसी येणार, आणि एसी आला की ब्लोअरही आला. बैल आणला तर त्याचे दुखणेखुपणे ओळखता आले पाहिजे, तसेच हे आहे.

घडले ते असे

आपल्या एका सभासदाचा ट्रक हंगामात ऊस ओढतो आणि हंगाम सरला की भाड्याने माल वाहतो. जून २०२४ मध्ये ही गाडी माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे बदलापुरास निघाली. माल शिरगावास द्यायचा होता. शिरगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. हे शिरगाव कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे त्या भागात बाहेरगावच्या ट्रकांची सतत ये-जा असते.

घाटात धो धो पाऊस आणि धुके. अशातच ब्लोअर बंद पडला. पाचच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. एका हाताने फडके फिरवीत, खिडकीतून डोके बाहेर काढीत ड्रायव्हरने गाडी खाली आणली. दरीच्या कडेने असे उतरणे म्हणजे काय, हे घाट पाहिलेल्यास सांगावयास नको.

माल उतरवून त्याने शिरगावच्या रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्री म्हणाला, "मोटर गेली." २४ व्होल्टची मोटर त्याच्यापाशी नव्हती. त्याने मोटारकारची १२ व्होल्टची मोटर बसवली, ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून दोन नव्या वायरी ओढल्या आणि चालू करून दाखवली. हवा भरपूर आली. परतीचे भाडे ठरलेले, ड्रायव्हरला घाई. तोही खूष, मिस्त्रीही खूष.

हंगाम लागला. गाडी रात्रंदिवस चालू लागली, आणि पहाटेच्या गारठ्यात काच स्वच्छ राहावी म्हणून ब्लोअरही रात्रभर चालू राहू लागला. जानेवारी २०२५ मधल्या एका पहाटे भरलेली गाडी फडात चालू होईना. एक बॅटरी मेलेली, दुसरीतले पाणी आटलेले. फडाचा रस्ता अरुंद, त्यामुळे मागचे दोन ट्रॅक्टरही अडकले. तो ऊस काट्यावर आला तेव्हा तोडणीला दीड दिवस होऊन गेला होता.

आम्ही त्या दिवशी फडावर होतो. ड्रायव्हरने काढलेली जुनी मोटर सीटखाली पोत्यात गुंडाळून ठेवली होती. नव्या बॅटऱ्या बसल्यावर सहज म्हणून ती २४ व्होल्टवर लावून पाहिली, तर भिंगरीसारखी फिरली! मोटरीत काहीच बिघाड नव्हता. डॅशबोर्डखाली जिथे तिची अर्थची वायर केबिनच्या पत्र्याला आवळलेली होती, तिथे गंज चढून पकड सुटली होती. पॉलिश पेपरने घासून एक बोल्ट आवळण्याचे ते काम होते.

उसाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्रच कमी, असे धरून युरिया टाकणारा शेतकरी आणि हवा बंद झाली म्हणजे मोटरच गेली, असे धरून ती बदलणारा मिस्त्री, दोघांची चूक एकच. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेने येतो, पाणी साचून येतो, मुळाशी हुमणी असल्यानेही येतो. तेव्हा आधी उपटून मूळ पाहावे, मग औषध आणावे.

ब्लोअर काम कसे करतो

डॅशबोर्डच्या आत एक प्लास्टिकची पेटी असते. तिच्यात एसीची थंड कॉइल असते आणि जिथे हीटर आहे तिथे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरही असतो. या दोहोंवरून हवा ढकलण्याचे काम एकच ब्लोअर करतो. म्हणून ब्लोअर बंद तर गार हवाही बंद, गरम हवाही बंद आणि काचेवरची हवाही बंद.

काच धुरकटते ती आतल्या माणसांच्या श्वासातील व ओल्या कपड्यांतील बाष्पाने. थंड काचेवर त्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. एसीच्या थंड कॉइलवरून हवा गेली की तिच्यातले पाणी कॉइलवरच निथळते आणि नळीने खाली गळते. अशी कोरडी हवा काचेवर सोडली की काच निवळते. तेव्हा ब्लोअर हा ड्रायव्हरच्या चैनीचा भाग आहे असे समजू नये. पुढे बैलगाडी चालली आहे की नाही, हे दिसण्याशी त्याचा संबंध आहे.

ब्लोअरचा पंखा पिंजऱ्यासारखा गोल असतो. स्विचच्या खालच्या स्पीडना वीज रेझिस्टरमधून जाते, आणि पूर्ण स्पीडला बहुतेक गाड्यांत ती रेझिस्टर टाळून सरळ मोटरीला मिळते. हा रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून त्याला ब्लोअरच्याच हवेत बसवलेले असते. काही नव्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. त्याची तपासणी कंपनीच्या जाणकाराकडूनच करून घ्यावी.

आधी दोष शोधावा

आपल्याकडे पाहिजे एक टेस्ट लॅम्प, आणि मिळाला तर साधा मीटर. क्रम असा ठेवावा.

१. फ्यूज पाहावा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावू नये. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. नवा फ्यूज पुन्हा उडाला तर मोटर अडकली आहे किंवा वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे.

२. फक्त पूर्ण स्पीडवर हवा येते, खालच्या स्पीडवर येत नाही, तर मोटर चांगली आहे. बिघाड रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये समजावा.

३. कोणत्याच स्पीडवर काही नाही, तर स्विच पूर्ण स्पीडला ठेवून मोटरीच्या कपलरवर वीज पाहावी. येत नसेल तर फ्यूज, रिले, स्विच यांकडे मागे जावे. मोटरीला हात लावू नये.

४. वीज येते आणि तरी मोटर फिरत नाही, तर अर्थ पाहावा. स्विच पूर्ण स्पीडला चालू असताना, कपलर जोडलेला ठेवून, मीटरची एक सुई मोटरीच्या अर्थ वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थ खराब आहे. आमच्या सभासदाच्या गाडीत एवढे पाहिले असते तर पुढचे सारे टळले असते.

५. वीजही आहे, अर्थही आहे, तर मोटरीच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. ठोकल्यावर फिरू लागली तर आतले कार्बन झिजले आहेत. आज फिरेल, उद्या थांबेल. ही मोटर मात्र खरोखर बदलावयास झाली.

६. आवाज ऐकावा. चिरचिर आवाज म्हणजे बुश कोरडे पडले. खडखड म्हणजे पंख्यात पाचटाचा तुकडा किंवा काडी. ती काढली की बऱ्याचदा आवाज जातो.

एक गोष्ट विसरू नये. रेझिस्टर किंवा कपलर वारंवार जळत असेल तर त्यामागे बहुधा जड फिरणारी मोटर असते. विहिरीवरच्या पंपाचे बेअरिंग धरले की तो जादा करंट ओढतो, स्टार्टर तापतो, तसेच इथे होते. अशा वेळी नुसता रेझिस्टर बदलला तर तोही जळतो.

मोटर घेताना

आपल्या गाडीचे व्होल्ट आधी पाहावेत. मोठ्या ट्रकला बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तर लहान टेम्पोला १२ व्होल्ट. अंदाज न करता जुन्या मोटरीवरचे अक्षर वाचावे. १२ ची मोटर २४ वर लावली तर थोड्याच वेळात जळते. २४ ची मोटर १२ वर लावली तर रडतखडत फिरते.

आता एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्यात काय बिघडते ते पाहू. मोटर १० अँपिअर घेते आणि रात्रीत ८ तास चालते असे धरा. म्हणजे त्या एका बॅटरीतून दुसरीपेक्षा ८० अँपिअर-तास जास्त गेले. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकाच ओळीत चार्ज करतो. दोघींची बेरीज तेवढी त्याला कळते, कोण उपाशी आणि कोण तुडुंब, हे कळत नाही. त्यामुळे एक कायम अर्धपोटी राहते, तर दुसरीला जास्त चार्ज मिळून तिचे पाणी आटते. शेवटी दोन्ही जातात. आपल्या गाडीत अशी जोडणी आहे का, हे आजच पाहावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजावेत. त्यांत ठळक फरक दिसला, किंवा एकाच बॅटरीत पुन्हा पुन्हा पाणी घालावे लागत असेल, तर कारण हेच असण्याचा संभव मोठा.

मोटर घेताना जुनी बरोबर न्यावी आणि पाच गोष्टी ताडून पाहाव्यात: व्होल्ट, फिरण्याची दिशा, पंख्याची रुंदी व उंची, स्क्रूच्या भोकांची जागा आणि कपलर. कपलर बसत नाही म्हणून वायरी कापून पीळ मारणे आणि वर टेप गुंडाळणे हे आगीला आमंत्रण आहे.

बदलण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकाला उटी लावावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी.

ब्लोअर बहुतेक गाड्यांत क्लीनरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो. काहींत तो समोरचे पॅनेल उघडून बाहेरून काढावा लागतो. आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावे. खोलण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे कोणती वायर कुठली हा घोळ होत नाही. निघालेले स्क्रू वाटीत ठेवावेत.

कपलरची कडी दाबून कपलर धरून ओढावा, वायर धरून ओढू नये. मोटरीला हवेची रबरी नळी असेल तर ती सोडावी. ही नळी मोटर थंड ठेवण्यासाठी असते; पुष्कळ जण ती परत जोडायला विसरतात आणि नवी मोटर तापून जाते. मग मोटरीचे स्क्रू खालून हाताचा आधार देऊन काढावेत आणि मोटर पंख्यासकट खाली घ्यावी.

एक सक्त सूचना. पेटीला येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांत एसीचा गॅस दाबाखाली असतो, आणि हीटरच्या होजमध्ये इंजिनाचे उकळते पाणी असते. मोटर बदलण्यासाठी यातले काहीही खोलावे लागत नाही. कोणी खोलावयास निघाला तर त्याला थांबवावे.

मोटर निघाल्यावर पेटीत बॅटरी टाकावी. पाचट, बगॅसचा भुसा, क्वचित उंदराचे घरटेसुद्धा निघते. ते हाताने व मऊ ब्रशने काढावे. कॉइलच्या पातळ पात्या वाकू देऊ नयेत. पाणी गळण्याची नळी तुंबली नाही ना, हे पाहावे. ती तुंबली की पेटीत पाणी साचते आणि मोटर गंजते. कपलर आतून तांबूस-काळा पडला असेल तर तोही बदलावा.

नवी मोटर बसवताना फोम किंवा रबराचे सील जागेवर ठेवावे. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. पंखा हाताने फिरवून कुठे घासत नाही ना, याची खात्री करावी. पंख्यावर वजनाची बारीक क्लिप असेल तर ती काढू नये, ती तोल साधण्यासाठी असते. मग बॅटरी जोडून सर्व स्पीड एकेक करून पाहावेत.

हवा येते पण जोर नाही, असे झाले तर वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत का पाहावे. पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडाने बाहेर येते, फक्त क्षीण येते. म्हणून ही चूक चटकन लक्षात येत नाही. शेवटी हवा काचेकडे वळते का, हे पाहूनच डॅशबोर्ड बंद करावा.

ऊस ओढणाऱ्या गाडीची विशेष काळजी

आपल्या गाड्यांना फडातली धूळ, पाचट आणि कारखान्याच्या आवारातला भुसा यांच्यातून जावे लागते. फडात आणि आवारात असताना बाहेरची हवा घेणारा पडदा बंद ठेवून आतलीच हवा फिरवावी. रस्त्याला लागल्यावर काच धुरकटू लागली तर पडदा उघडावा.

जिथे हवेचा फिल्टर आहे तिथे तो हंगामात दर आठवड्यास काढून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे हवा मारून साफ करावा. फिल्टर चोंदला की हवा कमी होते आणि मोटर व रेझिस्टर दोघांनाही थंडावा मिळत नाही.

हंगाम संपल्यावर गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर उंदरांचा बंदोबस्त करावा आणि आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे ब्लोअर चालवावा. पावसाळ्यात कोकणपट्टीत भाडे असेल तर गाडी नदीकाठच्या सखल जागी लावू नये. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती, हे अनेकांस आठवत असेल. रेल्वेची ही गत, तिथे ट्रकचे काय! केबिनमध्ये पाणी शिरले असेल तर ब्लोअर लगेच चालू करून पाहू नये. बॅटरी सोडून, मोटर काढून, वाळवून, मगच जोडावा.

वाटेत ब्लोअर बंद पडलाच तर गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, दोन्ही खिडक्या चार बोटे उघडाव्यात आणि कोरड्या स्वच्छ फडक्याने काच पुसावी. काच दिसेपर्यंत निघू नये. खेपेला अर्धा तास उशीर झाला तर चालेल. उसाच्या रस्त्यावर पहाटे पुढे बैलगाड्या असतात, त्यांना मागे दिवा असतोच असे नाही, आणि गाडीवर बहुधा नवरा-बायको आणि झोपलेली लेकरे असतात.

शेवटी

शिरगावच्या त्या मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याने अडलेल्या माणसाची गाडी हाताशी होते त्यात चालू करून दिली. पण चालू होणे म्हणजे दुरुस्त होणे नव्हे, आणि गावी परतल्यावर ती जोडणी काढून घेण्याची जबाबदारी आपली होती. सहा महिने ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्या गाडीत आता जुनीच मोटर आहे. अर्थचा बोल्ट घासून, आवळून, वर ग्रीस लावून ठेवला आहे. पुढल्या हंगामाचे वाहतुकीचे करार करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या गाडीची ही एवढी तपासणी करावी. टेस्ट लॅम्प फारसा महाग नाही; तो गाडीत जॅकशेजारी कायम असावा.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग